कोजागिरीची गंमत आणि तीनशे खुर्च्या: एका गावच्या लोककला मंडळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरहून भंडाऱ्याच्या रोखानं निघालं की संत्र्याच्या बागा नाही, धानाच्या बांध्या लागतात. या पट्ट्यातलं एक गाव माझं आजोळ. गावात लोककला मंडळ आहे. सदस्य पंचवीस-तीस, त्यातले राबणारे सात-आठ. गावची खडी गंमत, दंडार हा नाचगाण्याचा प्रकार, महादेवाच्या यात्रेची गाणी आणि बायांची भुलाबाईची गाणी पुढच्या पोरांच्या कानावर पडावीत, एवढाच मंडळाचा उद्देश. 2023 च्या कोजागिरीला त्यांनी पहिल्यांदा मोठा कार्यक्रम करायचं ठरवलं. मी नागपुरात राहतो, आकडेमोड बरी जमते, म्हणून हिशोबाची वही माझ्याकडे आली. बैठकांना बसलो तो त्या वहीमुळेच. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, आणि रकमा थोड्या गोल केल्या आहेत.

खडी गंमत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘खडी’ म्हणजे उभी. मंच नाही, पडदा नाही. मध्ये शाहीर, ढोलकीवाला, डफवाला, टाळ धरणारे आणि बाईचं सोंग घेतलेला नाच्या. मागे झील, म्हणजे गाण्याला मागून साथ, धरणारे. आणि भोवती लोक. गण होतो, गवळण होते आणि मग खरी रंगत सुरू होते ती सवाल-जवाबाला. एक शाहीर कलगीचा, दुसरा तुऱ्याचा. कलगीवाला शक्तीची बाजू घेतो, तुरेवाला शिवाची. एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातच सोडवायचं आणि उलटं कोडं घालायचं. असं पहाटेपर्यंत. माझ्या मामाच्या भाषेत, “गंमत पाहाले जाताना घोंगडं न्यावं लागते, अन् येताना ते ओलं होऊन येते.” दवानं.

भुलाबाईचं सगळं याच्या उलट. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई, म्हणजे पार्वती, बसते, कोजागिरीला तिला निरोप. महिनाभर पोरी आणि बाया रोज संध्याकाळी अंगणाअंगणात जाऊन गातात. गाणी संपली की घरधनीण डबा हलवते आणि आतला खाऊ ओळखायला सांगते. गोड की तिखट, फुटाणे की लाडू, यावर अर्धा तास गोंधळ चालतो. गाणी त्या डब्यापर्यंत पोचण्यासाठीच असतात, असं म्हटलं तर बाया रागावतील, पण पोरींना विचारा.

अडचण

मंडळापुढे एकाच वेळी चार गोष्टी उभ्या राहिल्या.

पहिली वेळेची. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सांगतात की रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगा लावायचा नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. 2010 मध्ये नियमात दुरुस्ती झाली, तेव्हापासून या वेळेत उघड्यावर वाद्यं वाजवायलाही बंदी आहे; सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत चालेल. सचिव शाळामास्तर आहेत. त्यांनी हे शोधून काढलं आणि बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा गावच्या गंमत पार्टीचे शाहीरबुवा म्हणाले, “मास्तर, म्हणजे ढोलकीले बी आता झोपा लागते का?” हसले सगळे, पण प्रश्न खरा होता. जो प्रकारच रात्री 10 नंतर तापतो, त्याचं करायचं काय?

दुसरी अडचण आभाळातली. त्या कोजागिरीला, 28 ऑक्टोबरच्या शनिवारी, खंडग्रास चंद्रग्रहण होतं. मध्यरात्रीनंतर 1 वाजून 5 मिनिटांनी स्पर्श, 2 वाजून 24 मिनिटांनी मोक्ष. दुपारपासूनच वेध लागलेले. म्हणजे कोजागिरीचं दूध चंद्रप्रकाशात ठेवून प्यायचं की नाही, यावर गावात उभे दोन तट. मंडळातही.

तिसरी, हंगाम. हलका धान कापणीला आलेला. गंमत पार्टीतले नऊही जण शेतात राबणारे किंवा मजुरीला जाणारे. रात्रभर जागरण म्हणजे दुसऱ्या दिवसाची मजुरी गेली.

चौथी कोणी अडचण म्हणून मांडलीच नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी होती. कोजागिरी म्हणजे भुलाबाईच्या निरोपाची रात्र. ज्या बायांना आपण मंचावर बोलावत होतो, त्यांच्या स्वतःच्या अंगणात त्याच संध्याकाळी त्यांची गरज होती.

पुढे असलेले पर्याय

जागेचे दोन पर्याय होते: हनुमान मंदिरासमोरचा चौक, नाही तर ग्रामपंचायतीमागचं मैदान. चौकात पूर्वापार गंमत होत आली आहे. ओटे आहेत, पारावर म्हातारे बसतात, बाया माडीवरून पाहतात. पण गाडी उभी करायला जागा नाही, आणि नागपूरहून पाहुणे येणार होते. मैदान मोठं, शेजारीच समाजभवन. बैठकीत पंधरा मिनिटांत मैदान ठरलं. पंधरा मिनिटं यासाठी लिहितो की बॅनरच्या रंगावर पाऊण तास गेला होता.

वेळेसाठी तीन सूचना आल्या. पोरांचं म्हणणं, सातला सुरू करा, दहाला बंद, प्रत्येक प्रकाराला वीस मिनिटं. शाहीरबुवांचं म्हणणं, “वीस मिनिटात त माहा गण बी नाही होत जी. तुमी फोटो काढून घ्या, मी गावाले जातो.” सचिवांनी मधला मार्ग काढला. दहापर्यंत मैदानात माइक लावून सगळं थोडं थोडं. दहानंतर समाजभवनात, दारं लावून, माइकशिवाय फक्त गंमत. आणि साडेबाराला संपवायचं, म्हणजे ग्रहणाआधी लोक घरी. कागदावर ही तोड फार चांगली दिसत होती. मलाही आवडली होती.

राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सण-उत्सवांसाठी 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, हेही मास्तरांच्या कागदात होतं. ते दिवस कोणते, ती यादी पाहायला कोणी गेलं नाही. ठाणेदारांकडे दहापर्यंतचा अर्ज दिला, दहापर्यंतची परवानगी आली.

मग प्रश्न आला एक पार्टी की दोन. आपल्या गावचे बुवा तुऱ्याचे. कलगीची पार्टी वीस-बावीस किलोमीटरवरच्या गावातून आणावी लागली असती; मानधन, गाडी, जेवण धरून बारा हजारांच्या आसपास. वहीत जमा होती 46 हजार. मंडप, मंच, खुर्च्या, लाइट आणि साउंडचे 21 हजार 500 अगोदरच ठरून गेले होते. बुवांच्या पार्टीला 11 हजार. बॅनर आणि पत्रिका 2 हजार 800. पाहुण्यांच्या सत्काराच्या शाली, श्रीफळं, स्मृतिचिन्हं 6 हजार 200. दूध आणि चिवडा 3 हजार 500. उरले हजार. कोषाध्यक्ष म्हणाले, “एकच पार्टी आणू, तिच्यातच दोन बाजू करून घेतील.” बुवा काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे त्यांना मान्य आहे, असं आम्ही धरलं.

दुधाचा तिढा मात्र नीट सुटला. दूध आटवून ठेवायचं, ज्यांना प्यायचं त्यांनी प्यावं, बाकीच्यांच्या वाट्याचं सकाळी शाळेतल्या पोरांना. एका आजीनं यावर तुळशीपत्राचा उपाय सांगितला आणि वाद मिटला. गावात असे वाद मिटवायला समिती लागत नाही, आजी लागते.

काय केलं, काय घडलं

सात ऐवजी पावणेआठला सुरुवात झाली. दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांची दोन भाषणं. भाषणांत लोककला वाचवली पाहिजे असं दोघांनीही सांगितलं आणि वाचवायला उभे असलेले नऊ जण मंडपामागे डफ शेकत बसले होते. ऑक्टोबरच्या अखेरीला दव पडतं, चामडं सैल होतं, आवाज बसतो. म्हणून काट्याकुट्यांचा जाळ करून डफ तापवायचा असतो. मंडपवाल्यानं कापडाला आग लागेल म्हणून जाळ विझवायला लावला. त्याचंही चूक नव्हतं.

पहिल्यांदा बाया आल्या. चौदा जणी येणार होत्या, आठ आल्या. बाकीच्या आपापल्या भुलाबाईपाशी. मंचावर दोन माइक उभे केलेले, म्हणून आठ जणी दोन माइकांपुढे अर्धगोलात उभ्या राहिल्या. अंगणात त्या फेर धरून गातात, एकमेकींच्या तोंडाकडे पाहत, एकीनं ओळ विसरली की दुसरी उचलते. इथं सगळ्यांची तोंडं खुर्च्यांकडे. तिसऱ्या गाण्यात ओळ सुटली आणि कोणीच उचलली नाही, कारण कोणाची सुटली हेच कळलं नाही. खाऊचा डबा वेळेअभावी गाळला होता. सात मिनिटांत त्या उतरल्या. खाली आल्यावर त्यांच्यातली सगळ्यात वडील काकू मला म्हणाली, “बापू, आम्ही गायलो का जी? मले त ऐकूच नाही आलं.” मंचावर उलट ऐकू यायला स्पीकर ठेवतात, तो नव्हता. साउंडवाल्याला कोणी सांगितलाच नव्हता.

दंडार बरी झाली. पोरं होती, नाचली, टाळ्या मिळाल्या. महादेवाची गाणी एका म्हाताऱ्यानं एकट्यानं म्हटली. पचमढीला पायी जाताना म्हणायची गाणी ती. त्यांना चालण्याचा ठेका असतो. तो मंचावर उभ्या जागी पाय उचलत होता आणि मागच्या खुर्च्यांवरची काही पोरं हसली. मला वाईट वाटलं. त्याला वाटलं की नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

गंमत सुरू झाली नऊ वाजून दहा मिनिटांनी. पन्नास मिनिटं हातात. मंच चार फूट उंच, पुढे पाहुण्यांचे सोफे, मग तीनशे खुर्च्यांच्या रांगा. गंमतीतला नाच्या लोकांत शिरतो; कोणाची टोपी उचलतो, कोणाला सासरा म्हणतो, त्या जागी जोड सुचते आणि शाहीर तीच उचलून धरतो. हा नाच्या साठीच्या जवळचा, गुडघे धरलेले. चार फुटांवरून उतरणं आणि पुन्हा चढणं त्याला शक्य नव्हतं. तो वरच राहिला. सवाल-जवाबात बुवांनी सवाल टाकला आणि जवाबाला त्यांचाच झीलकरी पुढे झाला. वर्षानुवर्षं त्यांच्या मागे उभा राहिलेला माणूस. तो त्यांना कोड्यात कसा पकडणार? दोन कड्यांत मामला मिटला. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना ते समजलंही नसेल. पारावर बसायच्या वयाच्या म्हाताऱ्यांना लगेच समजलं. एक जण उठून गेला.

बरोबर दहाला माइक बंद केला. इथपर्यंत शिस्त पाळली याचं श्रेय मास्तरांना.

आता समाजभवन. चाळीस बाय पंचवीस फुटांची खोली, दोन ट्यूबलाइट, खाली सतरंज्या. मैदानातल्या अडीच-तीनशेंपैकी शंभराच्या आत माणसं आली. नागपूरचे पाहुणे शनिवार असूनही निघाले. दूर जायचं, ग्रहण, मुलं झोपली. ज्यांनी जास्त देणगी दिली होती तेही निघाले, आणि त्यांचं नाव दहानंतर जाहीर करायचं ठरलेलं होतं. ते प्रकरण पुढे दोन महिने पुरलं. बायाही बहुतेक गेल्या. रात्री दारं लावलेल्या खोलीत पुरुषांच्या गर्दीत कोण बसणार.

पण जे आले ते सतरंज्यांवर बसले आणि मधली जागा आपोआप गोल झाली. नाच्यानं पहिल्या पाच मिनिटांत कोषाध्यक्षांच्या खिशातला पेन काढून वही मागितली. ‘अकरा हजारात नऊ जण, भागून दाखव’ अशा अर्थाची कडी बुवांनी तिथल्या तिथे जुळवली. खोली हसली, कोषाध्यक्षही हसले, मीही खाली पाहून हसलो. आणि मग भिंतीशी बसलेला एक पाहुणा उठला. शेजारच्या गावचा, लग्नानिमित्त आलेला, तरुणपणी कलगीच्या पार्टीत झील धरायचा. त्यानं टाकला बुवांना सवाल. बुवांनी दम घेतला, ढोलकीवाल्याकडे पाहिलं आणि कान चोळला. त्यांची ती सवय आहे, बरं कोडं आलं की.

पुढचं सगळं मी वर्णन करत बसत नाही. खोलीत हवा नव्हती, दारं लावल्यामुळे घामानं लोक भिजले, बाहेर पौर्णिमेचं चांदणं आणि आम्ही ट्यूबखाली. खिडक्यांबाहेर वीस-पंचवीस पोरं लोंबकळत होती. साडेबाराला मास्तरांनी घड्याळ दाखवलं, बुवांनी पाऊणला थांबवलं. कोडं अर्धवटच राहिलं.

नंतरचा हिशोब

आठवड्यानं बैठक झाली. पोरांच्या मते कार्यक्रम झकास झाला, फोटो चांगले आले. वही म्हणत होती की कर्ज नाही. मला मात्र तीन गोष्टी सांगाव्या लागल्या. तिन्ही हिशोबाच्याच होत्या.

एक, खुर्च्या-मंच-साउंडला कलावंतांच्या दुप्पट पैसा गेला. आणि ज्या भागासाठी काही लागलं नाही, फक्त सतरंज्या लागल्या, तो भाग लोकांना आठवतो आहे. बॅनर आणि सत्कार मिळून 9 हजार होतात. तीन हजारांची भर घातली असती तर कलगीची पार्टी आली असती. नशिबानं एक लग्नाचा पाहुणा भेटला म्हणून सवाल-जवाब झाले. दरवर्षी लग्न कुठून आणणार?

दोन, बायांच्या नावावर वहीत एक पैसा नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, “त्या घरच्याच आहेत.” बुवाही गावचेच आहेत, त्यांना मात्र दिले. हा निर्णय कोणी घेतला नव्हता. घेतलाच नाही म्हणून तसा झाला.

तीन, पत्रिका. तिच्यावर पाच पाहुण्यांची नावं, पदांसकट. खाली एका ओळीत ‘खडी गंमत पार्टी’. नाव एकाचंही नाही. हे मला आपणहून सुचलं नव्हतं. बुवांनीच लक्षात आणून दिलं. राज्याची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. तिच्या अर्जाला, इतकी वर्षं कलेत घालवली हे दाखवणारे कागद जोडावे लागतात. बुवांकडे चाळीस वर्षांची गाणी तोंडपाठ आहेत आणि कागद एकही नाही. “पयसे कमी दिले तरी चालते मास्तर,” ते म्हणाले, “पण पत्रिकेत नाव पाहिजे होतं जी. ते कामाले आलं असतं.” पत्रिकेचा मजकूर अंतिम करताना आम्ही सहा जण होतो. सगळे साक्षर.

वेगळं काय करता आलं असतं

चौक सोडायला नको होता, असं मला आज वाटतं, पण खात्रीनं म्हणणार नाही. चौकातही दहानंतर वाद्यं वाजवता आली नसतीच. कदाचित उलटा क्रम बरा पडला असता: गंमत संध्याकाळी साडेसहालाच सुरू करायची, चौकात, साडेतीन तास सलग, भाषणांशिवाय. बुवांना हे विचारलं. “उजेडात सोंग उघडं पडते,” म्हणाले, पण ऑक्टोबरअखेर सहालाच अंधारतं हेही त्यांनीच पुढे सांगितलं. म्हणजे नकार नव्हता. आणि बारापर्यंतच्या सवलतीच्या दिवसांची यादी आधी पाहून तारीख ठरवता आली असती. कोजागिरीच धरून बसायचं कारण नव्हतं. मंडळाला चांदणं हवं होतं, आणि गंमत ऐकली ती ट्यूबखाली.

भुलाबाई मंचावर आणायचीच नव्हती. पाहायचं असेल तर लोकांनी अंगणात जायचं, दहा-पंधरा जणांनी, चपला बाहेर काढून. काकूंनी पुढच्या वर्षी मंचावर यायला नकार दिला. “या घरी, डबा ओळखाले,” एवढंच म्हणाल्या. काहींना तो रुसवा वाटला. मला ते आमंत्रण वाटतं.

बुवा गप्प राहिले तेव्हा त्यांना विचारायला हवं होतं. एका पार्टीत सवाल-जवाब होत नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण मानधन आपल्यालाच मिळत असताना दुसरी पार्टी आणा असं म्हणणं त्यांना प्रशस्त वाटलं नसावं. जाणकार माणूस पैशाच्या बैठकीत बसला की जाणकारी गिळतो. त्यांचं मत वेगळं, पैसे ठरायच्या आधी घ्यायला हवं होतं.

समाजभवनाच्या तोडग्याबद्दल मी दोन्ही बाजूंनी आहे. नियम पाळला गेला, गंमत जगली, पण बाया आणि म्हातारे बाहेर राहिले. एक दार उघडं ठेवून बायांसाठी एक बाजू राखली असती तर आवाज बाहेर गेला असता. आणि दार लावलं तर त्या येत नाहीत. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

बैठकीत ठरलं ते असं: पुढच्या वर्षी दोन पार्ट्या, खुर्च्या फक्त म्हाताऱ्यांसाठी तीस, बाकी ताडपत्री, मंच नाही, सत्काराला शालीऐवजी गावचा चिन्नोर तांदूळ. मास्तरांनी मंडळाच्या लेटरहेडवर नऊ जणांना नऊ प्रमाणपत्रं लिहून दिली, तारीख, वेळ, भूमिका आणि सही-शिक्क्यासकट. नाच्याच्या कागदावर ‘स्त्री-पात्र’ असं लिहिलं. त्यानं ते वाचून घेतलं आणि परत दिलं. म्हणाला, “नाच्या लिवा ना जी. चाळीस गावं मले त्याच नावानं वळखते.” मास्तरांनी नवा कागद घेतला.